समर्पणाचा ख्रिस्ती अर्थ

समर्पण हा शब्द मराठी कानाला नवा नाही. नवविधा भक्तीची अखेरची पायरी आत्मनिवेदनाची. आणि पूजा वा व्रताची सांगता करताना पळीभर पाणी सोडून केलेले कर्म ईश्वरार्पण करण्याची चाल घरोघर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. त्यामुळे आपले सारे जीवन प्रभूला वाहिले आहे, असे एखादा ख्रिस्ती मनुष्य सांगू लागला, म्हणजे त्याचा आशय कळला असे ऐकणाराला सहज वाटते. तथापि ख्रिस्ती परंपरेने या शब्दात जो अर्थ साठविला आहे त्याचे काही विशेष आहेत, आणि त्या परंपरेतील अतिशय बिकट प्रश्नही त्याच शब्दाच्या पोटात आहेत. मनुष्याने देवाला द्यावयाचे तरी काय? आठवड्यातला एक दिवस, उत्पन्नाचा दहावा हिस्सा आणि सकाळसंध्याकाळची प्रार्थना एवढे दिले म्हणजे भागले, की स्वयंपाकघर, दुकान, कचेरी, पैशाची पिशवी, लौकिक, आजार आणि मरण हेही त्यात आले? आणि सर्वच देऊन टाकावयाचे, तर मनुष्याच्या स्वतःच्या विवेकबुद्धीला जागा उरते कोठे?

या विचाराचे मूळ नव्या करारात आहे. रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात संत पौल वाचकांना आपली शरीरे जिवंत यज्ञ म्हणून देवास अर्पण करण्याची विनंती करतो. हे पत्र लिहिले गेले तेव्हा यरुशलेमचे मंदिर उभे होते व तेथे पशूंचे बळी दिले जात होते. तेव्हा यज्ञ म्हणजे काय हे पहिल्या वाचकांना समजावून सांगण्याचे कारण नव्हते. वेदीवर गेलेल्या पशूला दुसरा दिवस नसतो. जिवंत यज्ञाची गोष्ट निराळी. तो आज वाहिला तरी उद्या सकाळी पुन्हा उठतो, त्याला भूक लागते, राग येतो, शेजाऱ्याचा हेवा वाटतो. म्हणून त्याला रोजच्या रोज नव्याने वाहून घ्यावे लागते. दुसरी ध्यानात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे या विनंतीचे पत्रातील स्थान. आधीचे अकरा अध्याय देवाने मनुष्यासाठी काय केले याच्या विवेचनात खर्ची पडले आहेत, आणि मग ही मागणी येते. म्हणजे समर्पण ही देवाची कृपा विकत घेण्याची किंमत नव्हे. कृपा अगोदर मिळालेली आहे. समर्पण हे तिचे उतराई होणे आहे. ख्रिस्ती समर्पणाचा स्वर मुख्यतः कृतज्ञतेचा असतो तो यामुळे.

करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाला याहून व्यावहारिक प्रश्नाला तोंड द्यावे लागले. बाजारात विकावयास येणारे मांस मूर्तीला दाखविलेले असण्याचा संभव असे. ते घ्यावे की घेऊ नये, यावरून मंडळीत वाद माजला होता. पौलाने तेथे खाण्यापिण्याची यादी दिली नाही. त्याने एक सूत्र दिले : खाणेपिणे वा दुसरे काहीही असो, ते देवाच्या गौरवासाठी व्हावे, आणि आपल्या स्वातंत्र्याने दुसऱ्याच्या मनाला ठेच लागू नये. या उत्तराने बाजारातील खरेदी हाही धर्माचा विषय झाला. ख्रिस्ताने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेतही देवाच्या इच्छेची पूर्तता आणि रोजची भाकर या दोन मागण्या एकीला लागून एक आहेत.

हे सूत्र दिनचर्येत कसे उतरवावे, याचा शिस्तबद्ध प्रयत्न सहाव्या शतकात इटलीतील संत बेनेडिक्ट यांनी केला. त्यांनी मठवाशांसाठी लिहिलेली नियमावली प्रार्थनेच्या वेळा ठरवून देते; पण तितक्याच काळजीने ती स्वयंपाकाच्या पाळ्याही लावून देते. पाळी आठवड्याने बदलत असे. पाळी संपविणाऱ्याने शनिवारी हातपाय पुसण्याची वस्त्रे धुवावीत, सगळी भांडी स्वच्छ करून कोठाराच्या अधिकाऱ्यास मोजून परत द्यावीत, आणि नव्या पाळीवाल्यासह सर्व बंधूंचे पाय धुवावेत, असा दंडक होता. कोठारावरच्या माणसाने मठातील प्रत्येक भांडे व हत्यार वेदीवरील पवित्र पात्राप्रमाणे हाताळावे, असेही नियमावली सांगते. मठातील कारागिरांनी केलेल्या वस्तू विकताना लोभ शिरू नये म्हणून त्यांची किंमत बाहेरच्या बाजारापेक्षा थोडी कमी ठेवावी, आणि आपल्या कसबाचा गर्व झालेल्या कारागिराला त्या कामावरून दूर करावे, इतक्या बारकाव्यात ती शिरते. पूजेचे पात्र आणि भाजीची कढई यांत भेद न करणे हा समर्पणाचा एक अर्थ या मठांनी जगापुढे ठेवला.

तथापि मठाची शिस्त बाहेरची असते. आतले मन तिला वश होईलच असे नाही. या आतल्या बाजूचे उत्कृष्ट उदाहरण म्हणजे सतराव्या शतकातील फ्रेंच साधक ब्रदर लॉरेन्स. त्याचे मूळ नाव निकोला हेर्मां. लोरेन प्रांतात जन्मलेला हा मनुष्य तरुणपणी शिपाईगिरीत गेला, जखमी झाला, आणि पुढे पॅरिसमधील कार्मेलाइट मठात सेवक-बंधू म्हणून राहिला. तो विद्वान नव्हता, धर्मोपदेशकही नव्हता. त्याच्या वाट्याला आले ते मुदपाकखान्याचे काम, आणि या कामाचा तर त्याला मनापासून तिटकारा होता. तेथे त्याने सुमारे पंधरा वर्षे काढली. कधी मठासाठी मद्याची खरेदी करावयास त्याला बर्गंडीपर्यंत पाठवीत. त्याला खरेदीविक्रीची अक्कल नव्हती आणि पाय अधू असल्यामुळे नावेवर पिंपांच्या आधारानेच त्याला हलता येई. हे काम तुझे आहे, एवढे देवाला सांगून तो ते करीत असे, आणि काम नीट पार पडल्याचे मागाहून त्याला आढळून येई.

लॉरेन्सच्या बोलण्याची टिपणे एका धर्माधिकाऱ्याने करून ठेवली होती, व १६९१ साली तो वारल्यावर ती त्याच्या पत्रांसह प्रसिद्ध झाली. त्यांवरून त्याची रीत समजते. प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ असे दोन कप्पे त्याने ठेवले नव्हते. भांड्यांचा खडखडाट चालू असता आणि चार माणसे एकाच वेळी चार गोष्टी मागत असताही देवाशी मनातल्या मनात बोलत राहणे, हीच त्याची साधना होती. मन भरकटले तर ते हळूच परत आणावे. चूक झाली तर ती कबूल करावी व पुढच्या कामाला लागावे, पश्चात्तापाचाही बाऊ करू नये, असे तो सांगे. ही सवय जडण्यास आपल्याला बरीच वर्षे लागली, हेही त्याने लपविले नाही. कामाचे स्वरूप न बदलता ते कोणासाठी करावयाचे एवढेच बदलणे, असे त्याच्या साधनेचे सार काढता येईल. ज्यांना मठात जावयाचे नाही, ज्यांच्यामागे संसार व नोकरी आहे, अशा लक्षावधी वाचकांना हे लहानसे पुस्तक जवळचे वाटले ते याच कारणाने.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या विषयाला आणखी एक वळण मिळाले. फ्रान्सिस रिडली हॅव्हर्गल या कवयित्रीने १८७४ साली एक समर्पणगीत रचले. ते आजही अनेक भाषांतील ख्रिस्ती मंडळ्यांत गायिले जाते. हात, पाय, वाणी, सोनेनाणे, बुद्धी, इच्छा, हृदय असा एकेक पदार्थ घेऊन ती तो देवाच्या हवाली करते. सर्व काही दिले, असे मोघम म्हणणे सोपे असते. नाव घेऊन एकेक वस्तू देऊ लागले म्हणजे कोठे हात आखडतो ते कळते. चार वर्षांनी हॅव्हर्गलबाईंनी आपल्या दागिन्यांची पेटी मिशनरी कार्यासाठी देऊन टाकली, आणि ते देताना आपल्याला विलक्षण आनंद झाल्याचे लिहून ठेवले. गीतातील सोन्यारुप्याच्या ओळीचा हिशेब असा पुरा झाला.

पैशाच्या बाबतीत याच काळातील जॉर्ज म्यूलर यांचे नाव घ्यावे लागते. ब्रिस्टल शहरात १८३६ साली त्यांनी अनाथगृह काढले. कोणाही मनुष्याकडे वर्गणी मागावयाची नाही, कर्ज काढावयाचे नाही, गरज सांगावयाची ती देवालाच, असा त्यांचा नेम होता. पुढे ही अनाथगृहे पाच मोठ्या इमारतींत पसरली. यात एक गोष्ट विसरली जाते. म्यूलर यांनी जमाखर्च अत्यंत चोख ठेवला आणि तो वर्षानुवर्षे छापून प्रसिद्ध केला. देवावर भार टाकणे म्हणजे हिशेबाची वही मिटून ठेवणे, असा अर्थ त्यांनी कधीही घेतला नाही.

म्यूलर यांच्या या चरित्राचा खोल ठसा ज्यांच्या मनावर उमटला त्यांत पंडिता रमाबाई एक होत, आणि समर्पणाचा प्रश्न त्यांच्या आयुष्यात जितक्या तीव्रतेने उभा राहिला तितका तो क्वचितच कोणाच्या आयुष्यात राहिला असेल. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर तीर्थयात्रा करीत बालपण घालविले. दुष्काळात आईवडील व बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी विवाह झाला आणि १८८२ साली वैधव्य आले. पदरी लहान मुलगी घेऊन त्या इंग्लंडला गेल्या व १८८३ च्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेणाऱ्या स्त्रीने आता वडीलधाऱ्या धर्माधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहावे, अशी तेथील काही मंडळींची अपेक्षा होती. १८८५ साली हा प्रश्न उघड झाला. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत होत्या व शिकवीतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही असा मुद्दा निघाला, आणि हिंदुस्थानातील बिशपांनी त्याविरुद्ध मत दिले. रमाबाईंनी ते मानण्यास स्पष्ट नकार दिला. धर्मसिद्धान्तांविषयीच्या त्यांच्या शंका हाही वादाचा दुसरा विषय होता. एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसरीच्या जोखडाखाली मान देण्याची त्यांची तयारी नव्हती. हा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे, आणि तो वाचताना समर्पणाची एक सीमारेषा ठळक दिसते. रमाबाईंच्या दृष्टीने देवाला वाहिलेली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या कोणाच्या ताब्यात देता येत नव्हती. जे एकदा देवाचे झाले, ते माणसाने मागितले म्हणून कसे द्यावयाचे? पूर्ण समर्पणाने मनुष्य दुबळा होतो, या आक्षेपाला त्यांचे हे वागणे हेच उत्तर आहे.

आणि तरीही खुद्द रमाबाईंच्या मते त्या वेळी त्यांचे समर्पण पुरे झालेले नव्हते. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी आपल्या जीवनाचा आढावा घेतला आहे. ख्रिस्ती धर्म बुद्धीला पटला म्हणून आपण तो स्वीकारला. पण ख्रिस्ताची प्रत्यक्ष ओळख बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास झाली, अशी त्यांची कबुली आहे. धर्म मानणे आणि स्वतःला सोपविणे यांत आठ वर्षांचे अंतर पडू शकते, ही गोष्ट एवढ्या मोठ्या विदुषीने सांगावी याला महत्त्व आहे.

या बदलाची किंमत लवकरच द्यावी लागली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले होते. पुढे ते पुण्यास गेले. विधवांना शिक्षण द्यावयाचे व धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावयाचे, असे संस्थेचे धोरण जाहीर झालेले होते, आणि म्हणूनच न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हिंदू सुधारकांनी तिला आधार दिला. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे व मुली येऊन बसत. याला तटस्थता म्हणावयाचे काय, असा सवाल पुण्यात उठला. १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही पक्षांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ होते. ज्यांनी विश्वास टाकून मुली पाठविल्या त्यांना आपली फसगत झाली असे वाटले. आणि स्वतःच्या घरात दार लावून, चोरून प्रार्थना करणे हे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटले. श्रद्धा जीवनाच्या सर्व अंगांत उतरली की सार्वजनिक संस्थेचे नियम आणि ती श्रद्धा यांचे कोठेतरी घर्षण होते. समर्पण करणाऱ्याने त्याचा भार स्वतः सोसावा, दुसऱ्याच्या गळ्यात घालू नये, एवढे त्या प्रसंगापासून शिकता येते. मित्र गेले, नाव गेले. काम मात्र रमाबाईंनी सोडले नाही.

त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या बाईने दुष्काळात आईबाप गमावले होते, ती मध्य प्रांतात गेली व निराधार मुली आणि विधवा घेऊन परतली. पुण्याजवळ केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली. तेच मुक्ती सदन. गुजराथेतील १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या हजाराच्या पलीकडे गेली. इतक्या माणसांना रोज दोन वेळा जेवू घालणे म्हणजे काय, हे ज्याने कधी शंभर पाने वाढली असतील त्याने मनाशी आणावे. तेथे विहिरी खणाव्या लागल्या, शेती, गुरे, दूधदुभते, विणकाम, छापखाना, दवाखाना हे सर्व उभे करावे लागले. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या मुलीच होत्या. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. प्रार्थना हा तेथील दिवसाचा कणा होता, पण प्रार्थनेच्या जोडीला मोट, माग व मुद्रण होते. ज्या स्त्रियांना घराने टाकून दिले त्यांनी आपले हात कामाचे आहेत हे पाहावे, याला रमाबाई देवाचीच सेवा समजत.

आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचे साध्या मराठीत भाषांतर हाती घेतले. संस्कृतात व्याख्याने देऊन कलकत्त्याच्या पंडितांकडून ज्यांनी ‘सरस्वती’ ही पदवी मिळविली, त्यांनी अल्पशिक्षित बायांना कळावे म्हणून भारदस्त संस्कृत शब्द निग्रहाने टाळले. पांडित्याचे समर्पण असेही असते. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीच्या हाती संस्था सोपवावयाची होती तीच गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली, त्यांच्या मागे, बाहेर पडले.

महाराष्ट्रातील दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी दीर्घकाळ काम केले व ख्रिस्ती भक्तीला अभंगाचा वेष दिला. परंतु पगारी सेवा आणि निःशेष समर्पण यांचा मेळ त्यांच्या मनात बसेना. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापून बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्याचा संकल्प केला. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. कार्य अपुरेच राहिले. या कथेला लक्ष्मीबाई टिळकांची बाजू आहे, आणि ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या मराठी माणसाला ती पाठ आहे. हातातला पैसा गरजूला देऊन मोकळे व्हावयाचे ते टिळकांनी, आणि सांजेची चूल पेटवावयाची ती लक्ष्मीबाईंनी. पतीने धर्म बदलल्यावर त्या लगेच त्याच्या मागून गेल्या नाहीत. पाच वर्षे त्यांनी स्वतः विचार केला, जातिभेदाचे ओझे स्वतः उतरविले, आणि १९०० साली आपल्या इच्छेने बाप्तिस्मा घेतला. एकाने दुसऱ्याच्या वतीने समर्पण करता येत नाही, पतीनेही पत्नीच्या वतीने नाही, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. आणि घरातील एकाच्या समर्पणाचा खर्च बहुधा दुसऱ्याच्या मुदपाकातून होतो, हेही त्या पुस्तकाने हसत हसत सांगितले आहे.

या सर्व चरित्रांवरून समर्पणाच्या काही कसोट्या हाती येतात. देवाची इच्छा म्हणून जे पुढे येते ते आपल्या सोयीचेच निघत असेल, तर त्याकडे संशयाने पाहावे. देवाच्या नावावर दुसरा कोणी आपली बुद्धी गहाण मागत असेल, तर रमाबाईंची आठवण करावी. आळस, कर्ज, अन्याय सोसणे वा दुसऱ्याला सोसावयास लावणे यांना देवावरील भार हे नाव देऊ नये. म्यूलर यांची वही त्याला साक्ष आहे. आणि समर्पणाने मनुष्याचे काम अधिक नीट होऊ लागले नाही, भांडे अधिक लख्ख निघाले नाही, हाताखालच्या माणसाशी बोलणे अधिक मऊ झाले नाही, तर ते समर्पण अजून ओठांवरच आहे असे समजावे.

गेथशेमाने बागेत ख्रिस्ताने दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, आणि मग देवाच्या इच्छेपुढे आपली इच्छा ठेवली. आधी मागणे आणि मग सोपविणे, हा तेथील क्रम आहे. दुःख नाही असे म्हणावयास ख्रिस्ती श्रद्धा सांगत नाही. मनातील भीती देवापुढे बोलून दाखवून मग त्याचा हात धरावा, एवढे ती सांगते. ज्याला हे सर्व एका दिवसात साधणार नाही त्यानेही खट्टू होण्याचे कारण नाही. लॉरेन्सला वर्षे लागली, रमाबाईंना आठ वर्षे लागली, लक्ष्मीबाईंना पाच. जिवंत यज्ञ रोज सकाळी वेदीवरून उतरतो. आणि रोज सकाळी त्याला पुन्हा तेथे नेण्याची मुभा असते.